तिरपी फळी

आठवड्यातून दोन दिवस मी कल्याणला जायचे. बाकीचे दिवस ठाण्यात, खोपटच्या एका खाजगी दवाखान्यात, गुडघे आणि मानांची दुखणी. राहायला डोंबिवली. फिजिओथेरपिस्ट म्हटलं की लोकांना तेव्हाही मालिश आठवायचं आणि आताही आठवतं, त्यामुळे कल्याणच्या कामाबद्दल घरी कुणी फारसं विचारत नसे. विचारलंच तर मी "लहान मुलांच्या छातीचं काम" एवढं सांगायचे. ते खरंही होतं.

तो दवाखाना धर्मादाय होता. बाजाराच्या मागच्या अंगाला, धान्याच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर. जिन्यात कायम पोत्यांची धूळ. छातीच्या मुलांना अशा जिन्याने चढवायची कल्पना कुणाची होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण जागेला भाडं नव्हतं. मी गेल्या गेल्या पहिलं काम केलं ते म्हणजे मुलं यायच्या आधी जिना ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा शिरस्ता पाडला. तो टिकला.

मुलं एचआयव्हीची होती. ही नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांची गोष्ट. त्या आजारावरची खरी औषधं तेव्हा परदेशात नुकती निघत होती आणि आमच्यापर्यंत पोचायच्या त्या त्यांच्या बातम्या. आमच्या हातात एवढंच होतं, की आजाराने शरीराची जी मोडतोड होते ती जमेल तितकी सावरत राहायची. लहान मुलांत पहिला फटका बहुतेक वेळा छातीला बसतो. न्यूमोनिया होतो, बरा होतो, पुन्हा होतो. फुप्फुसातल्या नळ्या सैल पडतात, त्यांच्यात कफ साठून राहतो आणि साठलेल्या कफात पुन्हा जंतू वाढतात. मूल सारखं खोकतं. ताप येतो जातो, वजन हलत नाही, हाताच्या बोटांची टोकं फुगून गोल होतात. कुणीतरी टीबीचं औषध सुरू करतं. कधी टीबी असतो, कधी नसतो.

औषधांचं आमचे डॉक्टर बघायचे. बालरोगतज्ज्ञ, निवृत्तीला आलेले, शुद्ध पुणेरी बोलणारे आणि कधीही घाईत नसलेले. मी त्यांच्या उलट. माझ्या पर्समध्ये त्या दिवशीच्या कामांची यादी असायची आणि झालेल्या कामावर काट मारल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. ते एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही श्वास घ्यायचं तरी यादीत लिहीत नाही ना?" मी म्हटलं, "मुलांचं लिहिते. माझा मी घेते."

साठलेला कफ बाहेर काढणं हे माझं काम. मुलाला पालथं, डोकं खाली आणि कंबर वर, असं तिरपं झोपवायचं. मग पाठीवर, जिथे कफ असेल त्या भागावर, पोकळ हाताने थापटायचं. मधाची बाटली उलटी धरून बुडाला थापट्या मारल्या की मध तोंडाकडे उतरतो, तसंच. कफ वरच्या मोठ्या नळीत आला की मूल खोकून तो बाहेर काढतं. रोज सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी जेवणाच्या आधी. यात महाग असं काही लागत नाही. लागतो तो घरातल्या एका माणसाचा रोजचा वेळ, म्हणून मुलांपेक्षा त्यांच्या घरच्यांना शिकवण्यात माझा जास्त वेळ जायचा.

आमच्याकडे कल्याणची माणसं कमी यायची. कल्याणची ठाण्याला जात, ठाण्याची आमच्याकडे येत. ओळखीच्या माणसाच्या नजरेला पडू नये म्हणून प्रत्येक जण एक गाव ओलांडून जायचा. ही आत्याही तशीच, ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातून भाचीला घेऊन आलेली. लोकलने आली असती तर लगेजच्या डब्यात तिच्या मासळीवाल्या मैत्रिणी भेटल्या असत्या आणि "कुठं गो चाललीस?" झालं असतं. म्हणून खोपटला येऊन एसटी. एरवी ती कोळी पद्धतीने लुगडं नेसायची, कल्याणला यायच्या दिवशी साधं गोल पातळ. "याच्यात मना चालताच येत नाय," ती जिना चढताना म्हणायची.

भाची आठ वर्षांची, अंगाने सहाची वाटणारी. तिचे वडील म्हणजे आत्याचा भाऊ, आधी तो गेला, मग वहिनी, दोघंही आत्याच्याच घरी. आजार आईकडून जन्मताच हिच्याकडे आलेला. आत्याला मूल नव्हतं. नवरा माजिवड्याच्या एका कारखान्यात रात्रपाळीचा वॉचमन.

आमच्याकडची सगळी मुलं मोठी झाली नाहीत. ही झाली. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच धास्ती घेऊन बसायला नको. तेव्हा आमच्यापुढे प्रश्न वेगळाच होता, आणि तो आत्याने खुर्चीवर बसायच्या आधीच मांडला.

"शाळेत घेत नाय तिला."

डॉक्टरांनी ताप विचारला, भूक विचारली. तिने उत्तरं दिली आणि पुन्हा तिथेच आली. "मोठ्या बाई बोलतात, हिच्या खोकल्यापायी वर्ग चालत नाय. बाकीच्यांची आयबापं येऊन बोलतात, हिला टीबी हाय. मी काय सांगू?"

"टीबीची औषधं दोनदा पुरी झाली आहेत," डॉक्टर कागद उलटत म्हणाले. "आता थुंकीत काही नाही. हिच्याने दुसऱ्या मुलांना काही होणार नाही, तसं मी लिहून देतो. पण माझ्या कागदाने खोकला थांबणार नाही."

"मग कसा थांबंल?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं.

मुलगी तोवर भिंतीवरचं वजनाचं कोष्टक बघत होती. मी तिला विचारलं, "कितवीत तू?"

"तिसरीत," ती म्हणाली, आणि पुढचं बोलायच्या आधी खोकल्याची उबळ आली. ती संपल्यावर तिने वाक्य पुरं केलं. "पुस्तकं घेतलेली हायत. कव्हरं पन घातली."

मोठ्या बाई, म्हणजे तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, वाईट नव्हत्या. डॉक्टरांचा कागद वाचून त्यांनी आत्याला सांगितलं, की दिवाळीची सुट्टी संपली की आणा, आठवडाभर वर्गात बसवून बघते, वर्ग चालला तर राहील. नाही चालला तर या वर्षी घरीच ठेवा. शाळेला आम्ही छातीचं सांगितलं होतं, रक्ताचं नाही. ते कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे आत्याने ठरवायचं होतं.

तेव्हा नवरात्र तोंडावर आलं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या मुलीला सलग शाळाभर न खोकता बसता यायला हवं होतं. मला असं ठोस काम मिळालं की बरं वाटतं. कायमच्या आजारात "बरं करा" हे यादीत लिहिता येत नाही, "शाळा सुटेपर्यंत खोकला नको" हे लिहिता येतं. सकाळी उठल्या उठल्या रात्रीचा सगळा कफ निघाला तर दुपारपर्यंत छाती मोकळी राहते. म्हणजे सकाळचं थापटणं चोख व्हायला हवं.

मी आत्याला माझ्या टेबलावर शिकवलं. बायकांना थापटायला सांगितलं की त्या भाकरी थापतात, सपाट हाताने, आणि मूल कळवळतं. म्हणून मी आधीच बजावायचे, "भाकरीचा हात नको. चुळीला पाणी घेता ना, तसा हात करा आणि पालथा घाला." सपाट हाताचा आवाज चट् येतो, पोकळ हाताचा घुमतो. आत्याने एकदा ऐकलं आणि तिसऱ्या थापेला तिचा हात माझ्यासारखा वाजायला लागला.

"काय गं, कोणाचा हात बरा?" मी मुलीला विचारलं.

"आत्याचा. तुमचा नरम हाय. लागतच नाय."

मग मी घरातल्या सामानाची चौकशी केली. पलंग? नाही. मोठ्या उशा? नाही. "फळी हाय एक," आत्या म्हणाली. "लांब, रुंद. तिचं एक टोक मोरीच्या कठड्यावर टेकलं तर तिरपी ऱ्हाईल." मला ते फारच आवडलं. उंचीही बरोबर येत होती. मी कागदावर चित्र काढलं. तिरपी फळी, वर पाय, खाली डोकं. त्याशिवाय न्यूमोनिया टाळायची रोजची गोळी, वाफ आणि सलाइनच्या रिकाम्या बाटलीत पाणी घालून नळीने बुडबुडे काढायचा खेळ. कफ झाकणाच्या डब्यात थुंकायचा, डब्यात फिनेल, नंतर हात साबणाने धुवायचे.

पहिल्या खेपेला मी टेबलावर स्वतः तिचा भरपूर कफ काढला. पुढच्या खेपेला ती आली ती तशीच खोकत. मी पुन्हा काढला, पुन्हा तेवढाच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. घरी कफ निघत असता तर माझ्या वाट्याला इतका उरला नसता.

"घरी करत नसेल," डॉक्टर म्हणाले. "मासळीचा धंदा आहे. पहाटे उठून बंदरावर जायचं की हे करायचं?"

मी आत्याला सरळ विचारलं, "रोज करता ना?"

ती दुखावली. "एकवीरा आयची शपथ. एक दिस चुकवला नाय. बंदरावर आता मी नाय जात, माझी जाव जाते, माझा माल पन घेऊन येते."

"करते," मुलगी म्हणाली. "झोपेतून उठवते मना. अजून काळोख असतो."

माझा आत्यावर विश्वास होता. तिचा हात बघितला होता मी. रोज करणाऱ्या माणसाचा हात तसा बसतो, न करणाऱ्याचा पुढच्या खेपेला पुन्हा भाकरीवर जातो. मग निघत का नाही? मी म्हटलं, "मी घरी येऊन बघते."

आत्या म्हणाली, "कोळीवाड्यात नवीन बाई आली तर सगळे दारात येतील."

"मासळी घ्यायला आले म्हणून सांगा."

"तुम्ही? तुम्हाला मासळी घ्यायला येते?"

"पिशवी आणीन," मी म्हटलं.

माझ्या घरी मासे शिजत नाहीत. सासरी नाही, माहेरी नाही. तरी मी पिशवी घेऊन सकाळी खाडीच्या वाटेने गेले आणि गल्लीच्या तोंडाशीच आत्याने मला हाक मारली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. "ये गो, ये. तुझी कोलंबी काढून ठेवलीय." कल्याणला ती मला ताई म्हणायची, तुम्ही म्हणायची. इथे मी तिचं रोजचं गिऱ्हाईक होते. शेजारची म्हातारी माझ्या पिशवीकडे बघून म्हणाली, "कोलंबीला येवढी मोठी पिशवी?" मी म्हटलं, "पाहुणे आहेत."

खोली एकच, लांबट आणि अरुंद. दार एका टोकाला, मोरी दुसऱ्या टोकाला. सारवल्यासारखी स्वच्छ. आत्याचा नवरा नुकताच रात्रपाळीवरून येऊन भिंतीकडे तोंड करून डोक्यावरून चादर घेऊन पडला होता. तो जागा आहे की झोपलाय ते कळत नव्हतं. आज माझ्यासाठी म्हणून सकाळचं थापटणं थांबवून ठेवलं होतं.

"रोज करता तसंच करा," मी म्हटलं. "मी नुसती बघते."

आत्याने फळी आणली. एक टोक मोरीच्या कठड्यावर, दुसरं जमिनीवर, वर गोधडीची घडी. मुलगी स्वतःच येऊन पालथी झाली. आत्या बाजूला बसली आणि थापटायला लागली. आवाज अगदी बरोबर, जागा बरोबर, लय बरोबर.

मुलीचं डोकं वर होतं. कठड्याच्या बाजूला. पाय खाली जमिनीकडे.

"अहो, डोकं खाली हवं ना?" मी म्हटलं. "चित्रात दाखवलंय की."

"तिरपं पायजे बोललात ना? तिरपंच हाय."

"तिरपं, पण दुसऱ्या बाजूने. असं थापटून कफ आणखी खाली जाणार. गं, तू उलटी हो बघू. पाय मोरीकडे कर."

मुलगी उठली. आत्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला हलू दिलं नाही. चादरीच्या आतून आवाज आला, "मोरी दक्षिणेला हाय. तिचे पाय दक्षिणेला करू देणार नाय ती."

मग मला कळलं. माणूस गेला की त्याला दक्षिणेकडे पाय करून ठेवतात. जिवंत माणसाने तसं झोपायचं नसतं. हे मलाही लहानपणापासून ठाऊक होतं, माझी आई अंथरुणं घालताना बघायचीच. पण मी चित्र काढताना फळी, उंची, उशी एवढंच विचारलं होतं.

"हितंच ठेवलेलं," आत्या म्हणाली. "तिच्या बापाला. मग तिच्या आयला. ह्याच जागेवर, पाय मोरीकडं." तिने मुलीच्या केसांवरून हात फिरवला. "तुम्ही चित्र दिलं ते मी बघितलं. पन मी बोलली, तिरपं तर दोन्हीकडून सारखंच असतं."

त्यावर मी काही समजावत बसले नाही. दिशांवर वाद घालायला मी गेले नव्हते, आणि त्या खोलीत दोन माणसं गेलेली होती. फळी दुसऱ्या बाजूने उंच करायची, इतकाच प्रश्न होता. पूर्व-पश्चिम लावावी तर खोली फळीपेक्षा अरुंद. म्हणजे दाराच्या बाजूला, उत्तरेला काहीतरी उंच आणि पक्कं हवं. पाय तिकडे, डोकं मोरीकडे.

"कठड्याएवढं उंच काय आहे घरात?"

"बर्फाची पेटी हाय," आत्या म्हणाली. "बाहेर पडवीत."

"आणा आत."

चादर बाजूला झाली. नवरा उठून बसला. "पेटी दारात ठेवली तर मी रात्रपाळीवरून येऊन आत कुठून येऊ?"

"बाहेर बस," आत्या म्हणाली. "च्या देते तिकडं."

"थंडीत?"

"कारखान्याच्या गेटवर रात्रभर बसतोस ते काय उन्हात?"

तो उठला आणि आम्ही दोघांनी मिळून ती लाकडी पेटी आत ओढली. रिकामी होती तरी चांगली जड. तिला मासळीचा वास होता आणि माझ्या साडीला तो दिवसभर राहिला. खोपटच्या दवाखान्यात एका गुडघ्याच्या आजीबाईंनी नाक उडवून माझ्याकडे बघितलं, तेही मला आठवतं. फळीचं टोक पेटीवर टेकवलं, हाताने दाबून बघितलं. डगमगत नव्हती. मुलगी पालथी झाली, पाय दाराकडे, डोकं मोरीकडे आणि खाली. आत्याने एकदा दिशा बघून घेतली, मान डोलावली आणि थापटायला लागली.

थोड्या वेळाने खोकला सुरू झाला. हा खोकला वेगळा, आतून ओढून आणणारा. मी डबा पुढे केला. कफ येत राहिला. आत्या थांबली, तिने डब्यात बघितलं आणि पुन्हा थापटायला लागली. सगळं झाल्यावर मुलगी उठून बसली, तोंड लाल, डोळ्यांत पाणी. तिने एक लांब श्वास घेतला आणि तो खोकला न येता पुरा झाला, याचं तिलाच नवल वाटलं. तिने दुसरा घेऊन बघितला.

"एवढं सगळं आत होतं?" नवरा दाराबाहेरून म्हणाला.

"तू च्या पी," आत्या म्हणाली.

निघताना तिने खरोखरच माझ्या पिशवीत कोलंबी घातली, कारण रिकाम्या पिशवीने गल्लीतून जाणं चालणार नव्हतं. डोंबिवलीत खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला ती दिली. "तुमच्याकडे कोलंबी?" तिने विचारलं. मी म्हटलं, "पेशंटकडून." ती पुढचे कित्येक महिने माझ्या पेशंटांची आपुलकीने चौकशी करायची.

त्यानंतरच्या खेपांना माझ्या टेबलावर कफ कमी कमी येत गेला. एवढा कमी, की एकदा मी उगाच दोनदा जागा बदलून बघितली. ताप थांबला. वजनाचा काटा सरकला. सकाळी घरी कफ निघाला की मग दिवसभर खोकला तुरळक, आत्याने सांगितलं. डॉक्टर तिची छाती ऐकताना नेहमीपेक्षा जास्त वेळ नळी लावून बसले आणि म्हणाले, "खाली अजून आवाज आहे. तो जायचा नाही. पण हवा पोचते आहे." त्यांच्या तोंडून हे पुष्कळच झालं.

माझ्यापुढे आता एकच भीती होती, दिवाळीचा धूर. कोळीवाड्यातली घरं एकमेकांना चिकटलेली, गल्ल्या अरुंद. फटाक्यांचा धूर तिथे कोंडून राहणार आणि इतक्या दिवसांत कमावलेलं सगळं चार संध्याकाळींत जाणार. दारं-खिडक्या बंद ठेवा, दाराच्या फटीत ओलं फडकं घाला, असं मी आत्याला सांगितलं, पण त्यावर माझाच फारसा भरवसा नव्हता. दिवाळीनंतर त्या दोघी आल्या तेव्हा मी आधी मुलीच्या श्वासाकडे बघितलं. शांत होता.

"दारं बंद ठेवलीत ना?" मी विचारलं.

"घरात नव्हतीच ती," आत्या म्हणाली.

मुलगीच सांगायला लागली. काकाच्या, म्हणजे आत्याच्या नवऱ्याच्या, भावाची होडी होती. दिवाळीच्या दिवसांत दिवे लागायच्या सुमाराला काका तिला होडीत बसवून खाडीत घेऊन जायचा, रात्रपाळीवर जायच्या वेळेपर्यंत. वारा खाडीवरून येतो त्या बाजूला. तिथे धूर नाही. "तिथून पूर्न ठाणं दिसतं," ती म्हणाली. "बाण वर जातात ते दिसतात, मग आवाज मागून येतो. आनि काकाने मना चकल्या खाऊ दिल्या. आत्याला सांगू नको बोलला."

"मना ठाव हाय," आत्या म्हणाली. "डबा मीच भरून दिलेला."

सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. त्या आठवड्यात माझ्या कामात माझं लक्ष नव्हतं असं म्हणणार नाही. काम झालं, नीट झालं, पण खोपटच्या दवाखान्याच्या खिडकीतून शाळेच्या गणवेशातलं कुठलंही मूल दिसलं की मला वाटायचं, आता ती वर्गात बसली असेल. दुसऱ्या तासाला असेल. मधली सुट्टी झाली असेल. सकाळच्या गार हवेत चालत गेल्याने उबळ तर आली नसेल?

पुढच्या कल्याणच्या दिवशी आत्या आली ती एकटीच. गोल पातळात, घाईघाईने जिना चढून, घामाघूम. मी टेबलावरच्या बाळाला त्याच्या आईच्या हातात दिलं आणि उठले.

"ती कुठे आहे?"

"शाळेत," आत्या म्हणाली. तिला धाप लागली होती. "काल मोठ्या बाईंनी मना बोलावणं धाडलं. शिपाई घरी आलेला. सगळ्यांच्या समोर बोलला, बाईंनी लगेच बोलावलंय."

डॉक्टरही आपल्या खोलीतून दारात येऊन उभे राहिले.

"मग?"

"मग काय, मी गेली. बोलली, झालं, आता घरी न्या बोलतील. बाईंनी मना बसवलं. बोलल्या, तुमची मुलगी..." ती थांबली आणि तिने माझ्याकडून पाण्याचा पेला घेतला. "बोलल्या, तुमची मुलगी वर्गात गप्पच बसत नाय. बाजूच्या मुलीशी बोलते, मागच्या मुलीशी बोलते, बाई फळ्याकडं वळल्या की बोलते. आधी खोकून वर्ग चालू देत नव्हती, आता बोलून देत नाय. तिला तीनदा जागा बदलून दिली, तर तीन नवीन मैत्रिणी झाल्या."

मग डॉक्टरांनी, जे कधी जोरात हसत नसत, चष्मा काढला आणि रुमालाने पुसला.

"खोकल्याचं काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"मी विचारलं ना. बोलली, बाई, आनि खोकला? तर बोलल्या, खोकतात सगळीच पोरं, थंडी हाय." आत्याने पेला खाली ठेवला. "बोलल्या, घरी समज द्या तिला. मी घरी गेली आनि तिला समज दिली. मग पडवीत जाऊन हसली."

"छान," डॉक्टर म्हणाले. "समज द्यायलाच हवी."

"डाक्टर, याच्यावर काय औषध हाय का?"

"बोलण्यावर? नाही. आणि असलं तरी मी देणार नाही."

तिला महिन्याच्या गोळ्या न्यायच्या होत्या, म्हणून ती आली होती, आणि शाळेच्या दिवशी मुलीला आणायचं नाही असं तिने आपलं आपण ठरवून टाकलं होतं. "छाती तपासायला रविवारी नाय का येत तुम्ही?" तिने विचारलं. आमचा दवाखाना रविवारी बंद असायचा. डॉक्टरांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. महिन्यातून एका रविवारी उघडता येईल, डॉक्टर म्हणाले, शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी. मी लगेच विचारलं, किल्ली कुणाकडे राहील, जिना कोण पुसेल. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

आत्याने गोळ्या पिशवीत घातल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. शाळा सुटायच्या आत तिला ठाण्याला पोचायचं होतं, नवरा त्या दिवशी घरी नव्हता आणि घराची किल्ली तिच्यापाशी होती. "ती दारात बसून शेजारणीला सगळं सांगत बसंल," ती म्हणाली, आणि पातळाच्या निऱ्या एका हाताने उचलून भराभर जिना उतरली. मी बाळाच्या आईला हात पुढे करायला सांगितलं. "भाकरीचा नको," मी म्हटलं, "चुळीला पाणी घेता ना, तसा करा."